झेपेल एवढे तळे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत, असे कार्यकारिणीने मला सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा या विचाराने मी काही दिवस अस्वस्थ होतो. पोलाद, साहित्य, नाट्यसंगीत, प्रवासी मराठी माणसाचे प्रश्न, या सर्वांवर अधिकाराने बोलणारी मंडळी आपल्यात आहेत. माझे आयुष्य कारखान्याच्या पाणीपुरवठ्याच्या कामात गेले आणि निवृत्तीनंतरचा काळ घरातील एका काचेच्या टाकीपुढे गेला. तेव्हा त्या टाकीविषयीच बोलावे असे ठरवले. त्यातलाही निम्मा अधिकार माझा नाही. तो समोरच्या रांगेत, महिला सभासदांत बसलेला आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी आमच्याकडची ती टाकी पाहिली आहे. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची ३६. हिशेबाने पासष्ट लिटर. पण तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात पाणी पन्नास लिटरच. आत पाणवनस्पती आणि मासे. मुलगी आठवीत असताना तिच्या हट्टाखातर ती घरात आली. मुलगी पुढे शिकायला गेली, नोकरीला लागली, लग्न होऊन दूर गेली. टाकी मात्र घरीच राहिली. भिलाईतल्या कितीतरी घरांत अशा वस्तू आहेत. कुणाकडे हार्मोनियम, कुणाकडे कॅरम बोर्ड. वापरणारे हात निघून गेले की वस्तू आईवडिलांच्या वाट्याला येते. फरक एवढाच की हार्मोनियमवर कापड टाकून ठेवता येते. जिवंत माशांवर कापड टाकता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रविवारी टाकीचे पाणी बदलताना भरलेली बादली घेऊन आमच्या सौभाग्यवती ओल्या फरशीवरून घसरल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्या सहा आठवड्यांत ते काम माझ्याकडे आले, आणि ही बाई दर रविवारी अडीच तास काय करीत होती, ते मला इतक्या वर्षांनी प्रथमच कळले. दोन बादल्या पाणी काढायचे, दोन भरायच्या, स्टुलावर चढून ओतायचे, काचेवरचे शेवाळ खरवडायचे, वाढलेल्या वनस्पती कापायच्या, उपटून पुन्हा लावायच्या, फिल्टर धुवायचा. तिसऱ्या रविवारी माझी कंबर धरली. मी म्हटले, "आता ही टाकी कुणाला तरी देऊन टाकू या." त्या म्हणाल्या, "अहो, टाकी जड झाली असेल; मासे जड झालेले नाहीत."

आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे, असे समजावे.

आधी थोडा इतिहास. काचेच्या भांड्यात मासे ठेवणे जुने आहे. परंतु पाणी वारंवार न बदलता मासे आणि वनस्पती एकमेकांच्या आधाराने जगवता येतात, हे प्रयोगाने दाखवले ते लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने, १८५० साली. त्याने काचपात्रात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तो घेतील, माशांची विष्ठा वनस्पतीला खत होईल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब चुकला नव्हता, पण अपुरा होता. वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवट थर चढला, पाणी गढूळ झाले. तेव्हा वॉरिंग्टनने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून त्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि थर खाल्ला आणि पाणी निवळले. म्हणजे पाणवनस्पतींच्या टाकीच्या इतिहासातील पहिली फेररचना ही देखभाल सोपी करण्यासाठीच झाली होती. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर पोहोचवला.

आपल्या लोकांचा मत्स्यालयाशी परिचय झाला तो बहुधा मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली त्याचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच राजेंद्रबाबूंनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी आपल्या भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. मुंबईची काचेची टाकी आणि भिलाईची पोलादी भट्टी यांचे हे नाते योगायोगाचे आहे खरे; पण माझ्या पुढच्या विवेचनात ती भट्टी पुन्हा येणार आहे, म्हणून त्याची आठवण केली.

आता आमच्या टाकीचे काय चुकत होते ते सांगतो. टाकी दिसायला देखणी होती. जपानच्या ताकाशी अमानो यांनी निसर्गदृश्यासारख्या टाक्या रचण्याची जी पद्धत जगभर लोकप्रिय केली, तिची छायाचित्रे पाहून आमच्या मुलीने ती रचली होती. तांबड्या पानांच्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती, पुढे हिरवळीचा गालिचा, मागे दगडांचा डोंगर, वर दहा तास जळणारा प्रखर दिवा, आणि साखर व यीस्ट घातलेल्या बाटलीतून नळीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड. शिवाय चोवीस मासे. ही रचना चुकीची नव्हती. ती सोळा वर्षांच्या मुलीच्या हातांसाठी केलेली होती. सत्तरीच्या हातांसाठी नव्हती.

झोतभट्टीवर काम केलेली मंडळी येथे आहेत. झोताचा वेग वाढवला की खनिज आणि कोक त्याच प्रमाणात द्यावे लागते आणि धातू व मळी त्याच प्रमाणात काढावी लागते, हे त्यांना सांगायला नको. पाणवनस्पतींच्या टाकीत प्रकाश म्हणजे झोत. प्रकाश प्रखर केला की वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड आणि खत जास्त लागते. ते कमी पडले की वनस्पती थबकतात आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळ माजते. दोन्ही पुरवले तर वनस्पती इतक्या वाढतात की दर आठवड्याला कात्री चालवावी लागते. म्हणजे काम दोन्हीकडून आहेच. ते कमी करायचे तर आधी झोत मंद केला पाहिजे. हे एकदा समजले की बाकीचे पुष्कळसे निर्णय आपोआप सुचतात.

म्हणून पहिला बदल दिव्यात केला. जुना दिवा काढून कमी शक्तीचा एलईडी बसवला आणि त्याला बाजारात मिळणारा साधा टायमर जोडला. दुपारी चारला लागतो, रात्री दहाला विझतो. सहा तास पुरेसे होतात, आणि संध्याकाळी आम्ही दोघे समोर बसतो तेव्हाच टाकी उजळलेली असते. टाकी खिडकीजवळ होती, ती आतल्या भिंतीशी नेली, म्हणजे उन्हाचा तिरका झोतही बंद झाला. साखर-यीस्टची बाटली निवृत्त झाली.

दुसरा बदल वनस्पतींचा. मंद प्रकाशात सावकाश वाढणाऱ्या आणि हवेतून पाण्यात विरघळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर भागवणाऱ्या जाती निवडल्या. पश्चिम आफ्रिकेची अनुबियास आणि आग्नेय आशियातील जावा फर्न या दोन्ही वनस्पतींना मातीत पुरावे लागत नाही. किंबहुना त्यांचे आडवे खोड वाळूत पुरले तर ते कुजते. लाकडाच्या तुकड्यावर दोऱ्याने बांधल्या की मुळे स्वतःच लाकूड धरतात. आम्ही असे तीन तुकडे केले, प्रत्येक एका हाताने उचलता येईल एवढा. आता साफसफाई करायची तर तुकडा उचलून बादलीत ठेवायचा, मऊ ब्रशने पुसायचा आणि परत ठेवायचा. बाग हातात घेऊन धुता येते, ही सोय जमिनीवरच्या बागेतही नाही.

तळाच्या वाळूत लावली ती क्रिप्टोकोरिन. या वंशाच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या ओढ्यांच्या आहेत. त्यांपैकी काही दुर्मिळ असल्यामुळे निसर्गातून उपटून आणणे योग्य नाही, रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यावी. सौभाग्यवतींचे माहेर रत्नागिरीकडचे. भिलाईच्या टाकीत आपल्या ओढ्याच्या कुळातली एक वनस्पती आहे, याचे त्यांना फार अप्रूप वाटले. मात्र या वनस्पतीचा एक स्वभाव आधी माहीत असावा. जागा बदलली की ती रुसते. लावल्यानंतर दहा दिवसांत आमच्या रोपांची सगळी पाने विरघळल्यासारखी गळून गेली. मी उपटून टाकायला निघालो होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "मुळे पांढरी आहेत ना? मग राहू द्या. आपण इथे आलो तेव्हा आपलीही पाने गळालीच होती." महिन्याभरात नवी पाने फुटली. तेव्हापासून त्या रोपांना आम्ही हलवलेले नाही, आणि त्यांनीही आम्हाला त्रास दिलेला नाही.

वर एका कडेला मनीप्लँटच्या दोन फांद्या अशा अडकवल्या की मुळे पाण्यात आणि पाने हवेत. अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड या बाईंनी १९९९ साली पाणवनस्पतींच्या टाकीच्या पर्यावरणावर एक पुस्तक लिहिले. पाण्याबाहेर पाने असलेल्या वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड हवेतून सहज मिळतो, त्यामुळे ती पाण्यातली नत्रयुक्त घाण भराभर शोषते, हा मुद्दा त्यात ठासून मांडला आहे. आमच्या मनीप्लँटने खिडकीची चौकट गाठली आहे, एवढे त्याच्या बाजूने सांगतो. फांद्यांची पाने मात्र पाण्यात बुडू देऊ नयेत, ती कुजतात.

तिसरा बदल माशांचा. येथे मला थोडे थांबून पाण्याच्या आत काय चालते ते सांगितले पाहिजे. माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. तो विषारी आहे. वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य असते आणि वनस्पती ते वापरतात. उरलेले पाणी बदलून काढावे लागते. म्हणजे मासे जितके अधिक, तितके अन्न अधिक, तितका नायट्रेट अधिक आणि तितक्या बादल्या अधिक. चोवीस माशांचे आम्ही नऊ केले. बाकीचे ज्यांच्याकडे मोठी टाकी आहे त्यांना दिले. आता सात झेब्रा आणि दोन हनी गुरामी आहेत. दोन्ही जाती भारताच्याच नद्या-तळ्यांतल्या. गुरामीला पृष्ठभागावरची हवा घेणारे एक अवयव-दालन असते, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटला तरी ती तगून राहते.

हा उन्हाळ्याचा मुद्दा भिलाईत फार महत्त्वाचा आहे. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना सुमारे साडेसात. ३५ अंशांना सातच्या आत-बाहेर. म्हणजे उष्णता वाढते, माशाची भूक आणि श्वास वाढतो, आणि नेमका त्याच वेळी प्राणवायू कमी होतो. त्यातच वीज गेली की फिल्टर बंद. मासे कमी ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त विमा आहे. दुसरा उपाय आपल्या कूलरचाच. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याची झुळूक सोडली की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड होते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे उत्तम चालते. जुलैच्या दमट हवेत फारसे चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

बाष्पीभवनाचा उल्लेख आला, तेव्हा पाणी विभागातल्या माणसाला राहवत नाही. पुष्कळांची समजूत अशी की टाकीतले पाणी आटले तेवढे वरून भरले की झाले. कारखान्यातल्या कूलिंग टॉवरची देखरेख केलेला कोणीही माणूस यावर मान हलवील. आटते ते शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात आमच्या टाकीतून रोज लिटरभर पाणी आटते. ते नुसते भरत राहिले तर पन्नास दिवसांत पन्नास लिटर पाण्याचे क्षार अधिक जमतात, म्हणजे टाकीतले क्षार दुप्पट होतात. म्हणून टॉवरमध्ये जसे काही पाणी मुद्दाम सोडून देतात, ज्याला आपण ब्लोडाऊन म्हणत होतो, तसे येथेही करावे लागते. आठवड्याला साडेबारा लिटर, म्हणजे एक चतुर्थांश, पाणी काढले आणि सात लिटर आटले, तर साडेएकोणीस लिटर नवे पाणी येते. एकोणीस पूर्णांक पाचला बारा पूर्णांक पाचने भागा. क्षार मूळच्या दीडपटीच्या थोडे वर जाऊन स्थिरावतात. तेवढे मासे आणि वनस्पती दोघांनाही चालते. आयुष्यभर जो हिशेब मोठ्या टॉवरसाठी केला, तोच बादलीसाठी करताना मला मौज वाटली.

आता प्रश्न बादलीचाच. ज्या बादलीने हाड मोडले, ती उचलायचीच नाही, असा आमचा निश्चय होता. पाणी काढण्यासाठी एक लांब पारदर्शक नळी घेतली. तिचे एक टोक टाकीत, दुसरे खिडकीतून अंगणातल्या कर्दळीत. टाकी कर्दळीपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे एकदा नळी भरली की पाणी आपोआप वाहते. टाकीतल्या टोकाला जाळी बांधलेली आहे, नाहीतर लहान मासाही कर्दळीत जायचा. ते पाणी म्हणजे उत्तम खत आहे; कर्दळ त्याची साक्ष देते. पाणी भरण्यासाठी कूलरचा पंप. नवा पंप घेतला, त्याला कधीही साबण लावला नाही आणि तो कूलरमध्ये कधी वापरला नाही. जमिनीवरच्या टबात आदल्या दिवशी नळाचे पाणी भरून ठेवायचे. साधा क्लोरीन चोवीस तास उघडे ठेवल्याने बराचसा उडून जातो. क्लोरामाइन मात्र उडत नाही, म्हणून क्लोरीन-नाशक द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालणे बरे. ज्यांनी पूर्वी डार्करूममध्ये फोटो धुतले आहेत, त्यांना हायपो आठवत असेल. त्या द्रावणात बहुधा तोच सोडियम थायोसल्फेट असतो. मग पंप टबात सोडायचा, नळी टाकीत, आणि बटण दाबायचे. तीन-चार मिनिटांत काम संपते. एक सूचना कळकळीने करतो. टाकीत किंवा टबात हात घालण्यापूर्वी प्रत्येक विजेचा प्लग काढावा, आणि प्लगकडे जाणारी वायर आधी खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी बोर्डात शिरत नाही.

चौथा बदल मांडणीचा. मागचा दगडांचा डोंगर काढला, कारण दगडांच्या फटीत घाण साचते आणि तेथे हात पोहोचत नाही. पुढच्या काचेशी चार बोटे मोकळी वाळू ठेवली, म्हणजे जुने प्लॅस्टिकचे कार्ड घेऊन काच सरळ खालपर्यंत खरवडता येते. टाकीचे टेबल चार इंचांनी कमी केले. आता स्टूल लागत नाही. मागे टांगलेल्या फिल्टरऐवजी हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर ठेवला. त्यात बिघडण्यासारखे काही नाही. तो महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यातच, हलके दाबून धुवायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि मग अमोनिया माशांना मारतो.

ही सगळी फेररचना एका रविवारी करायचा मोह झाला होता. तो आवरला, हे चांगले झाले. चालू संयंत्राची मोठी दुरुस्ती करताना आपण सगळे विभाग एकाच दिवशी बंद करत नाही. नव्या स्पंजला जिवाणूंची वस्ती व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून नवा स्पंज जुन्या फिल्टरबरोबर सहा आठवडे चालवला आणि मगच जुना काढला. वाळू तीच ठेवली. दगड एका आठवड्यात काढले, वनस्पती दुसऱ्यात बदलल्या, मासे सर्वांत शेवटी वाटले. एकूण तीन महिने लागले. या काळात एकही मासा दगावला नाही, हे मी अभिमानाने सांगतो. कारण त्यापूर्वी एकदा आम्ही सगळी टाकी एका दिवसात धुऊन लखलखीत केली होती आणि चार दिवसांत अकरा मासे गमावले होते. स्वच्छता आणि आरोग्य या दोन गोष्टी एकच नाहीत, हा धडा त्या अकरा जिवांनी दिला.

सगळेच उपाय साधले असे नाही. आपोआप अन्न टाकणारे एक यंत्र मुलीने पाठवले. पावसाळ्यात त्यातले अन्न ओल धरून गोळा झाले आणि एके दिवशी तो गोळाच पाण्यात पडला. ते यंत्र आता कपाटात आहे. 'टाकी साफ ठेवतो' म्हणून एकदा सकर मासा आणला होता. तो साफसफाई करण्यापेक्षा घाण अधिक करतो आणि फूटभराहून मोठा होतो. असा मासा नकोसा झाला की लोक तो तळ्यात सोडतात. कृपा करून तसे करू नये. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्या देशातल्या नद्या-तळ्यांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. शोभेची म्हणून आणलेल्या जलपर्णीने आपल्या तळ्यांची काय दशा केली, ते आपण पाहतोच. टाकीतल्या वनस्पतींची छाटणीसुद्धा उन्हात वाळवून मगच मातीत टाकावी.

छत्तीसगडात राहून तळ्यांविषयी एवढी बेफिकिरी शोभत नाही. येथे गावागावांत तरिया आहे. रतनपूर, जेथे नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ पर्यंत राज्य केले, ते तर तळ्यांचेच गाव. आपल्यापूर्वी दोनशे वर्षे मराठी माणूस या तळ्यांच्या काठी राहून गेला आहे. गावच्या तरियाचे पाणी कोणी दर रविवारी बदलत नाही. तरी ते टिकते, कारण त्याचा विस्तार मोठा, वनस्पती भरपूर आणि माशांची संख्या पाण्याला पेलेल एवढीच. घरातल्या टाकीला तेवढा विस्तार देता येत नाही, म्हणून उरलेल्या दोन गोष्टी तरी पाळाव्यात.

अन्नाविषयी दोन शब्द बोलतो आणि संपवतो. टाकी नासते ती बहुधा प्रेमाने. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नये. आमच्याकडे त्याला माशांची एकादशी म्हणतात. पूर्वी आम्ही पुण्याला मुलीकडे निघालो की अन्नाचा डबा शेजारी देत असू. शेजारच्या मुलांनी एकदा आमच्या माशांवर इतकी माया केली की आम्ही परतलो तेव्हा पाणी दुधासारखे झाले होते. आता आठ-दहा दिवसांसाठी आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये बसताना आम्ही काहीच सांगत नाही. धडधाकट प्रौढ मासे तेवढे दिवस उपाशी सहज राहतात. जास्त दिवस जायचे असेल तर मोजून बांधलेल्या पुड्या देतो, तीन दिवसांना एक, आणि डबा कपाटात कुलूप लावून ठेवतो.

आज आमचे साप्ताहिक काम पंचवीस मिनिटांचे आहे आणि महिन्यातून एकदा तासाभराचे. सौभाग्यवतींचे मनगट थंडीत अजून दुखते, पण नळी त्या स्वतःच लावतात. मला फक्त बटण दाबायची परवानगी आहे. टाकी पूर्वीइतकी देखणी नाही. तांबडी पाने नाहीत, गालिचा नाही. गेल्या दिवाळीत मुलगी आली, तेव्हा तिने टाकीपुढे बराच वेळ उभे राहून पाहिले. आपली रचना मोडली म्हणून तिला वाईट वाटेल, अशी मला धास्ती होती. ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला वाटले होते ती केव्हाच गेली असेल." त्या दिवशी मला वाटले की आपण जे केले ते बरोबर केले.

बंधुभगिनींनो, सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मंडळाकडे पाहताना मला कधीकधी ती जुनी टाकी आठवते. ज्यांनी हे मंडळ उभारले, त्यांचे हात तरुण होते. दहा दिवसांचा गणेशोत्सव, तीन अंकी नाटके, रात्ररात्र तालमी, सगळे त्यांना झेपत होते. आता मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत. आणि सतरंज्या उचलणारे हात साठीच्या पुढचे आहेत. काही कार्यक्रम बंद करावेत की मंडळच कुणाच्या तरी स्वाधीन करावे, अशी चर्चा अधूनमधून आपल्या कानांवर येते. मंडळाच्या कारभारात मला गती नाही. परंतु पन्नास लिटर पाण्याच्या अनुभवावरून एवढे सांगतो की, टाकून देणे आणि पूर्वीसारखेच चालवणे यांखेरीज आणखीही एक वाट असते. झोत थोडा मंद करावा, मासे कमी ठेवावेत, जुना स्पंज नव्याबरोबर काही दिवस चालू द्यावा, आणि जे हात आज आहेत त्यांना पोहोचेल अशी मांडणी करावी. पाने गळाली तरी मुळे पांढरी आहेत का, ते आधी पाहावे.

 ज्यांना टाकी पाहायची असेल, त्यांनी संध्याकाळी चार ते दहा या वेळात अवश्य यावे. त्यानंतर दिवा आपोआप विझतो. चहा मात्र केव्हाही मिळेल.